टाकीवाली रेवता आणि मांडवाचा दगड

फार वर्षांपूर्वी, घरोघरी जाती घरघरायची आणि पिठाची गिरणी कोणी पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मांडवझरीच्या माळावर तीन उभे दगड होते आणि त्यांच्यावर एक आडवा, म्हशीएवढा जाड. लोक त्याला मांडव म्हणायचे. खाली गावचा पहिला माणूस निजलाय, असं म्हणतात. लोखंड कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याच्या लेकरांनी नुसत्या हातांनी तो दगड चढवला. म्हणून त्याला लोखंड लावायचं नाही, हा रिवाज.

गावात रेवता टाकीवाली होती. जातं झिजून गुळगुळीत झालं की ती छिन्नीनं त्याला टाकी लावायची, मग ते पुन्हा दळायचं. नवरा गेलेला, जीभ तिखट.

गावचा धनी असलेल्या मालगुजारानं नवं घर बांधलं. दाराला एकसंध पायरी हवी होती. त्यानं रेवताला बोलावलं.

"मांडवाचा वरचा दगड फोड. पायरी कर."

"ते घर हाये, मालक. आत माणूस हाये."

"मेलेल्याला घर काहून पाहिजे?"

"मग तळ्याकाठच्या तुमच्या आजोबाच्या समाधीची करू का पायरी?"

मालगुजार लालबुंद झाला. "गावातून हाकलून देईन."

"हाकला. पण मांडव सुरक्षित नाही तोवर इथल्या एका जात्याला माझी टाकी लागणार नाही."

आणि तिनं मांडवाखालीच चूल मांडली.

जाती झिजली. दाणे जसेच्या तसे बाहेर पडू लागले. दुसऱ्या गावचा टाकीवाला आणला, तर त्याची छिन्नी मेणासारखी वाकली, असं म्हणतात. घुगऱ्या खाऊन पोरांची पोटं दुखली. बाया येऊन रेवताला शिव्या देत. ती म्हणायची, "मालकाच्या दारात द्या. तिथं पायरी नाही अजून, खालूनच द्या."

शेवटी मालगुजारानं रेडे जुंपले, दगडाला साखळदंड बांधला. रेवता आपलं जातं घेऊन दगडावर चढून बसली. "ओढा माझ्यासकट."

रेड्यांनी जोर लावला. दगड हलला नाही. जमिनीखालून घरघर उठली आणि गावातली सगळी रिकामी जाती आपोआप फिरू लागली, असं म्हणतात. रेडे गुडघ्यांवर बसले. साखळदंड शेवईसारखा तुटला.

"दुसरा आणा," मालगुजार ओरडला.

तेव्हा त्याचीच बायको पदर खोचून आली आणि रेवताशेजारी चढून बसली. "घरात भाकर नाही, अन् पायरी पाहिजे म्हणे. ओढा आता."

कोणी ओढलं नाही. मालगुजाराच्या दाराला शेवटपर्यंत लाकडी फळीच राहिली. रेवतानं त्याच दिवशी टाकी हातात घेतली; पहिलं जातं मालगुजारणीचं.

मरताना ती म्हणाली, "माझ्या नावाचा दगड नका मांडू. हाये तो सांभाळा." म्हणून तिची समाधी नाही.

पण अजूनही जोंधळा घरात आला की एक दिवस गावची गिरणी बंद असते. बाया विळे-कोयते बांधावर ठेवतात, मांडवाखाली जात्यावर मूठभर दळतात, त्याचीच भाकर गावभर वाटतात. मागे खडी मशीनवाले दगड मोजायला आले, तेव्हाही तोच दिवस होता. बाया जात्यांसकट वर चढून बसल्या.

"ओढा," एकजण म्हणाली. "आमच्यासकट."