अमास्याचं अळणी केश्केक

तुर्कस्तानातल्या अमास्या गावी, नदीकाठी, एक जुनी खाणावळ आहे. गहू आणि मटण एकजीव होईपर्यंत घोटलेलं केश्केक तिथे मिळतं, पण अळणी. मिठाची वाटी शेजारी ठेवतात आणि पहिला घास तसाच खायला सांगतात. डोंगरकड्यात कोरलेली जुन्या राजांची थडगी बघून पायांचे तुकडे पडलेले प्रवासी त्यावर वैतागतात. मग म्हातारे गाइड नेजातबे समोरच्या मशिदीच्या घुमटाकडे बोट दाखवतात.

तो घुमट चढत होता तेव्हा गवंड्यांचं जेवण याच खाणावळीच्या जागी नेसिबे नावाची बाई रांधायची, असं सांगतात. तिचा नवरा इद्रिस वर दगड बसवायचा. पहिल्याच वर्षी दोन गवंडी पडून मेले. नेसिबेनं धसका घेतला आणि ती नवस बोलली : घुमट पुरा होऊन इद्रिस सुखरूप उतरेपर्यंत मिठाचा कण जिभेवर ठेवणार नाही. आता स्वयंपाकिणीनं न चाखता रांधायचं कसं? दुसऱ्या कुणाच्या जिभेवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून रोज दुपारी इद्रिस उतरायचा, पळीतलं बोटभर चाटायचा आणि म्हणायचा, "अजून चिमूटभर टाक." नवऱ्याची जीभ उसनी घेतलीस म्हणून बायका तिला चिडवायच्या. अशी तीन वर्षं गेली.

शेवटचा दगड बसायच्या दिवशी मशीद बांधवून घेणारा पाशा जेवायला येणार होता म्हणे. दुपार टळली तरी इद्रिस उतरेना. नदीच्या पुलावर पाशाचे घोडे दिसायला लागले.

"नेसिबे, वाढ लवकर!" मुकादम ओरडला.

तिच्या मुठीत मीठ होतं, पुढ्यात पातेलं होतं. बोटभर चाखलं असतं तर भागलं असतं. पण तीन वर्षं सांभाळलेला नवस आजच मोडायचा, आणि तोही इद्रिस अजून वर असताना? तिची छाती झाली नाही. ती अंगणात आली आणि तिनं हाक मारली, "अहो, या लवकर खाली! मीठ बघायचंय!"

इद्रिस घाईनं वळला आणि त्याचा पाय सुटला. तो स्वयंपाकघराच्या दारासमोर पडला, आणि जागीच गेला.

पाशाला कुणी काही सांगितलं नाही. केश्केक तसंच वाढलं गेलं. एक घास खाऊन तो म्हणाला, "मीठ विसरलात की!" कुणीतरी वाटी आणून दिली. मग तो पोटभर जेवला.

नेसिबे पुढे सव्वीस वर्षं तिथेच रांधत होती. घुमट पुरा झाला, पण इद्रिस सुखरूप उतरला नाही, तेव्हा नवस फिटला असं तिला कधी म्हणता आलं नाही. चाखणारी जीभ गेली, म्हणून तिनं पुन्हा पातेल्यात मीठ घातलं नाही. अल्लानं नाही, माझ्या हाकेनं नेलं त्याला, एवढंच ती म्हणायची.

आजही तिथल्या पातेल्यात मीठ पडत नाही. गोष्ट ऐकल्यावरसुद्धा निम्मे लोक पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात आणि वाटी ओढतात. नेजातबे ती स्वतःच पुढे सरकवतात.

"घ्या," ते म्हणतात. "पाशानंही घेतलं होतं."