पहिला पाड

फार फार पूर्वी, पाखरं माणसांशी दोन शब्द बोलायची त्या काळी, नदीकाठच्या एका गावात एक बागवान राहायचा. त्याच्याकडे आंब्याचं एकच झाड होतं, पण त्याच्या गोडीची कीर्ती सात गावांत होती.

त्याची लेक नदीपलीकडे दूरदेशी दिली होती. पाच वर्षांनी तिचा निरोप आला, "दहा दिवसांनी येते. दोनच दिवस राहीन, नदीला पूर यायच्या आत परत जायला हवं. बाबा, आपल्या झाडाचा आंबा खायचाय."

बागवान हरखला आणि लगेच गोंधळला. उतरवलेला आंबा गवताच्या अढीत पिकायला दहा दिवस लागतात. म्हणजे आंबे आजच उतरवायला हवेत. पण ते तयार झालेत का?

शेजारी म्हणाला, "फळाचे खांदे भरलेत. उतरव बिनधास्त!"

फांदीवरचा पोपट म्हणाला, "माझ्या चोचीला तर अजून आंबटच लागतोय, बाबा."

बायको म्हणाली, "देठापाशी खळगी पडली नाही अजून. मला तर कच्चे वाटतायत."

बागवान झाडाखाली गेला, घरात आला, पुन्हा झाडाखाली गेला. कधी त्याला खांदे भरलेले दिसत, कधी नुसता हिरवा रंग. डोकं चालेना.

तेवढ्यात धप्प! एक पिवळा आंबा खाली पडला.

झाडावर आपोआप पिकून पडलेलं पहिलं फळ म्हणजे पाड. पाड पडला की झाड उतरवायचं आणि झाड रिकामं होईपर्यंत पाड देवापुढे ठेवायचा, त्याला सुरी लावायची नाही, अशी त्या गावची रीतच होती.

बायकोनं आंबा हातात तोलला. "अहो, हलका लागतोय. जरा कापून बघू या का?"

"देवाचा पाड कापतेस? काहीतरीच तुझं!"

संध्याकाळपर्यंत झाड रिकामं झालं. शेंड्यावरचा एक आंबा तेवढा पाखरांसाठी राखला. अढी लागली.

लेक आली. बागवानानं मोठ्या हौसेनं गवत बाजूला केलं. आंबे सुरकुतले होते. एकालाही वास नव्हता. लेकीनं एक चोखला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "छान आहे, बाबा."

तिच्या तोंडचं ते खोटं बागवानाच्या काळजाला लागलं. पण चुकलं कुठे? रीत पाळली होती, पाडही पडला होता! तो तडक देवघरात गेला आणि त्यानं पाड चिरला. आतली कोय पोखरलेली होती. तिच्यात एक काळा किडा बसला होता. फळ पिकून पडलंच नव्हतं, किडून पडलं होतं.

दोन दिवसांनी लेकीची नाव पैलतीराला लागली. आकाश भरून आलं होतं. बागवान झाडाखाली येऊन बसला, तोच शेंड्यावरचा तो राखलेला आंबा त्याच्या पुढ्यात पडला.

त्यानं या वेळी आधी सुरी घेतली. आत केशरी गर होता, वास अंगणभर पसरला. नदीकडे बघत तो कितीतरी वेळ ती फोड हातात धरून बसला. त्याच्यानं खाववेना.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: मनाला हवी असलेली खूण दिसली, की तीच सगळ्यांत आधी पारखून घ्यावी.