अळणी शिधा

पाय आत घ्या, पांघरूण ओढा आणि ऐका. एक होता राजा. त्याच्या राज्यात होता एक बहुरूपी, सटवाजी नावाचा. बहुरूपी म्हणजे सोंगं घेणारा, बरं का. आज भांडखोर म्हातारी, उद्या बैरागी, परवा कोतवाल. दारोदार फिरायचा, हसवायचा, मग बाया सुपातून पसाभर जोंधळे घालायच्या. त्यावर त्याचं पोट. पावसाळ्यात मात्र दारं बंद, की हा उपाशी.

एकदा तो राजवाड्यात कोतवाल होऊन गेला आणि खऱ्या कोतवालालाच दरडावून आला. राजा हसून हसून लोळला. म्हणाला, "असा गुणी माणूस उपाशी राहतो? आजपासून याला घरबसल्या शिधा. तांदळापासून फोडणीच्या मोहरीपर्यंत सगळं. यानं नुसती सोंगं करायची."

झालं. सटवाजीचं पोट भरलं. मग तो छान सोंग घेऊन एका दारी गेला. बाईनं सूप आणलं. हा म्हणाला, "नको माय, मला राजा देतो." बाई ओशाळली. काही न घालता सोंग बघायचं म्हणजे फुकट्यासारखं. तिनं दार लोटून घेतलं. दुसऱ्या दारी म्हातारा म्हणाला, "तू बाबा राजाचा माणूस, आमचे जोंधळे तुला आता टोचायचे." तिसऱ्या दारी कुणी बाहेर आलंच नाही.

मग त्यानं जाणंच सोडलं. शिपाई उंबऱ्यावर शिधा ठेवून जायचा. सटवाजी रांधायचा, एकटाच जेवायचा. सोंगं खुंटीला टांगलेली. कधी म्हातारीचा आवाज काढून बघायचा, पण हसणार कोण, भिंत?

मग एका दुपारी काय झालं, खुंटीवरची म्हातारी आपली आपण खाली उतरली. पदर खोचला नि म्हणाली, "बघणारं कुणी नाही, मी काय इथं वाळत बसू?" आणि गेली चालती. दुसऱ्या दिवशी बैरागी गेला, चिमटा वाजवत. तिसऱ्या दिवशी कोतवाल गेला, जाताना ह्यालाच दटावून गेला. सटवाजी रिकाम्या खुंट्यांकडे बघत राहिला. नवं सोंग सुचेना. सुचणार कसं? सोंग सुचतं माणसांकडे बघून, आणि याच्या घरात माणूस कुठला?

मग तो तसाच उठला, उघड्या तोंडानं, बिनसोंगाचा. गल्लीतल्या हौसाबाईचं दार वाजवलं. तिनं ओळखलंच नाही. त्याची सगळी तोंडं तिनं पाहिली होती, त्याचं स्वतःचं तेवढं कधी पाहिलं नव्हतं.

"काय हवंय, बाबा?"

आता मागायचं काय? घरात तर सगळं होतं. पण परत फिरणं जिवावर आलं. तोंडातून निघून गेलं, "चिमूटभर मीठ." आणि हात पुढे केला.

"हातावर मीठ देतं का कुणी? भांडण होतं अशानं. बस, पान आणते."

तो बसला. ती पान शोधतेय तोवर शेजारीण आली, सासूबाई आतून करवादल्या, दोघीतिघींचं जुंपलं. सटवाजी बघत होता, ऐकत होता. सासूबाईंचा हात कसा उडतो, मान कशी वळते, सगळं त्याच्या अंगात शिरलं. दुसऱ्या दिवशी तो तीच सासू होऊन पुढच्या दारी मीठ मागायला गेला. लोक पोट धरून हसले. मीठ द्यायला कुणाला जड नाही, आणि फुकट बघितल्याची लाजही नाही.

हे राजाच्या कानी गेलं. राजा कोठीवाल्यावर तापला. "माझ्या शिध्यात मीठ कमी? अब्रू घालवलीस माझी."

सटवाजी वाड्यावर गेला, हात जोडून म्हणाला, "कमी नाही, महाराज. उलट आहे ते काढा. शिधा चालू राहू द्या, पावसाळ्यात जीव तगतो. मीठ तेवढं घालू नका. त्या निमित्तानं रोज एखादं दार तरी उघडेल."

राजाही एकटाच जेवायचा, बरं का. चांदीचं ताट, पण शेजारी कुणी नाही. आणि राजानं मीठ मागावं कुणाकडे?

मग त्यानं हुकूम काढला. राज्यातल्या गाणाऱ्याला, चितारणाऱ्याला, सोंग घेणाऱ्याला, सगळ्यांना जन्मभर शिधा. पण अळणी.

तेव्हापासून तिथं एकही गुणी माणूस उपाशी निजला नाही, आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर टेकला. सगळे सुखात राहिले. राजाही राहिला, आपल्या परीनं. मिटा आता डोळे. सरका जरा जवळ, आणि झोपा.