तोंडपुजा

“गुरुजी, तोंडपुज्या म्हणजे नेमकं काय हो?”

त्र्यंबकशास्त्री वैद्य खलात सुंठ कुटत होते. हात थांबला नाही.

“कोण म्हणालं तुला?”

गदाधर गोरामोरा झाला. अकरा वर्षं तो शास्त्रीबुवांपाशी वैद्यकी शिकत होता. निम्मं दुखणं गदाधरच्या बोलण्यानंच पळतं, असं गावात म्हणत. आणि ते आपल्या कानावर यावं, अशी त्यालाही हौस होती.

“गोदा कासारीण. आत्ता, दारात. सासूचा ताप तीन दिवस हटत नाही म्हणाली. गुरुजींचा हात पूर्वीसारखा राहिलाय ना, असं विचारलंन्. मी म्हटलं, वहिनी, हात कसला, परीस आहे तो! तर तुमची पुडी ओट्यावर टाकली, म्हणाली, तोंडपुज्या मेला... आणि गेली तरातरा.”

“हं. पूजा करतोस ना?”

“रोज.”

“देवाला आधी पाणी कुठं घालतोस?”

“पायांवर.”

“आणि पाय सोडून जो थेट तोंडाशीच जातो, तो?”

गदाधरचा चेहरा खुलला. “वा! गुरुजी, शब्दाची अशी फोड काशीच्या पंडितालाही...”

शास्त्रीबुवांनी नुसतं वर पाहिलं. वाक्य तिथंच राहिलं.

मग म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

“आता मला तोंडच नाही. बोल. माझा हात कसा आहे?”

“गुरुजी, तुमचा हात म्हणजे...”

पाठ हलली नाही. त्या पाठीला काय आवडेल, ते गदाधरला कळेना.

“चार महिने झाले,” तो शेवटी म्हणाला. “तुमच्या बोटांना नाडी लागत नाही. चुकता. पाटलांच्या सुनेची पुडी मी वाटेत बदलली. गुरवाचीही. कासारणीच्या सासूची तुम्ही स्वतःच गोदावहिनींच्या हातात दिलीत... अडवायचा धीर झाला नाही.”

शास्त्रीबुवांचे खांदे गदगदा हलू लागले. गदाधर घाबरून पुढं सरकला, तर म्हातारा हसत होता. डोळे मात्र भरलेले.

“बोटं बधिर झालीत रे. मला वाटलं, हे माझं मलाच ठाऊक आहे. रोज तुला विचारायचो, आज कसं बघितलं मी? रोज तू म्हणायचास, धन्वंतरी!”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“आणि ती म्हातारी?”

गदाधर उठला. औषधांची पेटी उचलली आणि चपला न घालताच पळत सुटला.

दिवेलागणीला परतला तेव्हा अंगरखा घामानं भिजला होता.

“नाडी मी बघितली. दुसरा काढा दिला. गोदावहिनी आधी आत येऊ देईनात. मी म्हटलं, पहिलं औषध चुकलं होतं आमचं. मग दारातून बाजूला झाल्या.”

“ताप?”

“म्हातारीला घाम फुटलाय. उतरतोय. उद्या सकाळी अगदी ठणठणीत...” गदाधर थांबला. “उद्याचं सांगता येत नाही, गुरुजी. सकाळी पुन्हा जाऊन बघतो.”

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून लांब श्वास सोडला. बधिर बोटं मांडीवर सैल पडली होती.

“पेज जरा जास्त टाक रे,” ते म्हणाले. “आज भूक लागलीय.”