दही लावलं की लागलं?

"बकुळे, सापडलीस! ठेव ती वाटी खाली!"

पोपटशेटचा माणूस कुंपणाआडून ओरडला आणि बकुळानं हातातली वाटी पदराआड घेतली. वाटीत होतं तरी काय? चमचाभर विरजण! शेजारच्या गोदावैनींनी चुलीमागे लपवून ठेवलेलं, शेवटचं.

पण देवखेडात तेवढंही गुन्हा होता. राजे रणधीरसिंहांनी पोपटशेटला दह्याचा मक्ता दिला होता आणि गावभर दवंडी पिटली होती, "आजपासून दही लावायचा हक्क एकट्या पोपटशेटचा! कुणी कुणाला विरजण देऊ नये, घेऊ नये! जो दही लावील त्याची गुरं जप्त!"

मग काय, शेटनं घरोघरची दह्याची मडकी फोडली. भाव त्याचा, माप त्याचं. आणि दही? त्याला तार सुटलेली! चमचा उचलला की शेंबडासारखं लोंबायचं. पूर्वी एखादीचं विरजण बिघडलं तर ती शेजारणीकडून चांगलं आणायची. आता शेट कुणाकडून आणणार? गावात दुसरं विरजण ठेवलं होतं का त्यानं?

बकुळा ही राजवाड्याच्या मळ्यातल्या माळ्याची बायको. तिचा रांगता भिवा पोट बिघडून मलूल पडला होता. तिचा हात सारखा त्याच्या पोटावर. वैद्यबुवा म्हणाले होते, "ताज्या दह्याचा भात भरव." शेटचं ते लोंबतं दही लेकराच्या तोंडात घालायचा तिला धीर होईना. म्हणून तर ती वाटी घेऊन गेली होती!

तिला दरबारात उभं केलं. कडेवर भिवा.

"हिची गाय जप्त करा, महाराज!" शेट म्हणाला.

"गाय नेली तर पोराला दूधसुद्धा उरायचं नाही!" बकुळा कळवळली. "महाराज, तो मक्ताच काढून घ्या ना!"

"आमचा शब्द फिरत नाही!" राजे गरजले. ते खरंच होतं. एकदा अमावस्येला चुकून पौर्णिमा म्हणाले, तर सगळ्या दरबारानं अंगणात बसून चांदणं वाखाणलं होतं!

"फार बोलतेस," राजे म्हणाले. "मग ऐक. विरजण घालायचं नाही. शेटकडून थेंब घ्यायचा नाही. दवंडी मोडायची नाही. आणि उद्या सकाळी आम्हांला घट्ट दही आणून दाखव! नाही जमलं तर गाय शेटच्या गोठ्यात."

"आणि जमलं तर?"

"तर तुला लागेल ते देऊ!"

शेट पोट धरून हसला. वर बकुळाच्या दाराशी त्यानं राजाचा शिपाई रामोजी पहाऱ्याला बसवून घेतला.

दिवेलागणीला बकुळानं दूध कोमट केलं, मळ्यातल्या मूठभर हिरव्या मिरच्या देठांसकट भिवावरून ओवाळल्या आणि दुधात सोडल्या.

"हे काय गं?" रामोजीनं विचारलं.

"दृष्ट काढली, दादा. पोराची नि दुधाचीही. शेटजींची नजर फार वाईट."

"मिरच्या चुलीत टाकतात की!"

"ओल्या आहेत, ठसका लागेल तुम्हाला."

रामोजीनं समजूतदारपणे मान डोलावली. बकुळानं भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते भिवाच्या दुपट्यात गुंडाळलं.

सकाळी दरबारात तिनं मिरच्या काढून टाकल्या आणि राजांसमोर भांडं चक्क उपडं धरलं. थेंब पडला नाही! राजांनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा. मग भांडंच मांडीवर घेतलं.

"लबाडी! विरजण घातलंय!" शेट किंचाळला.

"नाही, महाराज," रामोजी म्हणाला. "नुसती दृष्ट काढली. मिरच्यांनी."

"म्हणजे मिरच्यांनी दही लावलं! दवंडी मोडली!"

"शेटजी," बकुळा म्हणाली, "दही मी लावलं नाही. दही लागलं!"

"एकच ते!"

"एकच? मग तुम्हाला भूक लागते, ती कोण लावतं? झोप लागते, ती कोण लावतं? आत्ता येताना उंबऱ्याची ठेच लागली तुम्हाला, ती काय मी लावली?" दरबारात खसखस पिकली. "दवंडी लावण्याची आहे, लागण्याची नाही. आणि मिरच्यांनी लावलं म्हणत असाल, तर करा त्यांची गुरं जप्त!"

राजे एवढे हसले की मंदील कानावर आला.

"शाबास! आमचा शब्दही फिरला नाही! पोपटशेट, दही लावायचा हक्क तुझा एकट्याचा. जन्मभर लावत बस! बाकीच्यांच्या घरी आजपासून ते लागेल. आणि लागलेलं दही कुणी कुणाला द्यावं, त्यात तू तोंड घालायचं नाहीस! बोल बकुळे, तुला काय लागतं?"

"मला काही नको, महाराज. पोराला दहीभात लागतो!"

राजे पुन्हा हसले. दुभती गाय वासरासकट दिली, वर भिवाला चांदीची वाटी.

निघताना बकुळा शेटपाशी थांबली आणि भांड्याच्या तळाचं चमचाभर दही तिनं त्याच्या हातावर ठेवलं.

"घ्या शेटजी, तुमच्या तार सुटलेल्या दह्यासाठी. विरजण नव्हे हं! लागलेलं आहे!"