पसंतीची कडी

त्या मुलखात प्रत्येक घोड्याला आपला लगाम आपण निवडायचा हक्क होता. स्वार निवडायचा नव्हता, वाट निवडायची नव्हती. पण लगाम मात्र ज्याचा त्यानं. या हक्काचा घोड्यांना एवढा ताठा, की वाटेत गाढव भेटलं तर त्याला ते ऐकवल्याशिवाय पुढे जात नसत.

दर वर्षी लगामखान्यासमोर निवडीचा मेळा भरायचा. तोंडात धरायच्या कड्या मांडवात टांगलेल्या असायच्या. पितळी, लोखंडी, कापड गुंडाळलेल्या, गुळाच्या पाण्यात बुडवलेल्याही. घोड्यानं कडी दाखवायची, माकडांनी ती त्याच्या तोंडात चढवून पट्टा आवळायचा, आणि मग कारभारी खेचरानं विचारायचं, "बसली का नीट?"

आता तोंडात लोखंड कोंबल्यावर घोडं बोलणार काय, कपाळ? कडी टोचली की ते मान खालीवर झटकतं. पण मान खालीवर झाली रे झाली, की मांडवाच्या मेढीवरचा कोंबडा आरवायचा, "पसंत!" मग वर्षभर तीच कडी.

अबलखी नावाच्या घोडीच्या तोंडाचे दोन्ही कोपरे गेल्या वर्षीच्या कडीनं सोलवटले होते. गवत चावताना डोळ्यांत पाणी यायचं. आणखी एक वर्ष असं गेलं तर तोंड निबर होणार, आणि निबर तोंडाला लगाम कळत नाही म्हणून तसल्या घोड्यांना चुन्याच्या घाणीला जुंपत. तिथून परत आलेलं घोडं कुणी पाहिलं नव्हतं.

"अगं, गुळाची घे," म्हातारा सब्जा घोडा म्हणाला. "सुरुवातीला तरी बरं वाटतं."

"आणि पुढे?"

"पुढे सवय होते."

"सवय झालेलं तोंड समोरच दिसतंय, सब्जाबा. ओठातून काडी लोंबतेय, पत्ता तरी आहे का?"

सब्जानं जिभेनं काडी चाचपली. सापडली नाही.

अबलखी तरातरा पुढे गेली. "कारभारी, आधी माझं तोंड मोजा. मग कडी काढा."

कारभाऱ्याच्या तोंडाला जन्मात लोखंड लागलेलं नव्हतं. तो पोट हलवत हसला. "बाई गं, तोंडं मोजत बसलो तर शिमगा उजाडेल. कड्या सगळ्या एकाच मापाच्या आहेत. तू आपली निवड कर. हक्क आहे तुझा!"

तिनं कापडाची कडी दाखवली. माकडांनी ती चढवली आणि पट्टा खेचला. कडी नेमकी सोललेल्या जागी रुतली. मानेतली शीर न् शीर उसळली. पण अबलखीनं खूर मातीत रोवले आणि मान जागच्या जागी धरली.

"बसली का नीट?"

ती हलली नाही. कोंबड्यानं चोच उघडली आणि मिटली.

"हलव की मान!" कारभारी खेकसला.

तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळलं. मान हलली नाही ती नाहीच. पलीकडे कडी चढवलेली तांबडी घोडी हे बघत होती. झटकता झटकता तिचीही मान थांबली. मग तिच्या शेजारणीची. बाहेर स्वार खोळंबले, ओरडाआरडा करू लागले. मांडव मात्र गपगार.

कारभाऱ्याला घाम फुटला. "एवढं काय टोचतंय मेलं? नुसती नाटकं! चढवा रे मला. दाखवतोच यांना. आवळा, नेहमीसारखा आवळा!"

माकडांनी नेहमीसारखा आवळला.

"बसली का नीट, कारभारी?" सब्जानं अगदी अदबीनं विचारलं.

कारभाऱ्याची मान अशी खालीवर झाली, की पागोटं उडून माकडाच्या डोक्यावर पडलं.

"पसंत!" कोंबडा सवयीनं आरवला.

माकडांनी एकमेकांकडे पाहिलं. रीत ती रीत. पागोटंवाल्या माकडानं अबलखीचा पट्टा सोडला आणि तोंड मोजायला सुतळी शोधू लागलं. दुसऱ्यानं कारभाऱ्याचा लगाम धरून त्याला बाहेर स्वारांकडे नेलं. आणि चालता चालता कारभारी सारखा मान हलवत होता, हो, हो, हो.