बाकावरचा शेवटचा पेशंट

दोष सगळा म्हाताऱ्या डॉक्टर दामोदर केळुसकरांचाच. "बाकावर पेशंट असेपर्यंत दार लावायचं नाही," हा नियम त्यांनी केला आणि तो सुनेच्या, डॉक्टर वैदेहीच्या गळ्यात मारून मेले. निदान मेल्यावर तरी पिच्छा सोडावा ना! पण वडीलधाऱ्यांना तेवढीही अक्कल नसते.

दुपारी एक ते दोन वैदेहीला विहिरीवर पोहायला जायचं असे. अख्ख्या दिवसात तेवढाच तास तिचा. पण महिनाभर रोज, दवाखाना रिकामा झाला की सासरे बाकावर येऊन बसत. राखेचा वास सुटे, आणि कुणीही बसलं की कुरकुरणारा तो बाक त्यांच्याखाली अजिबात वाजत नसे.

"सूनबाई, पेशंट बसलाय. निघालीस कुठे?"

एके दिवशी ती दारातून मागे फिरली.

"बरं अण्णा, हात द्या. तपासते."

म्हाताऱ्याने ऐटीत हात पुढे केला. तिने ते गारठलेलं मनगट पूर्ण एक मिनिट धरून ठेवलं.

"नाडी नाही. मेलेल्याला मी पेशंट म्हणत नाही, आणि तुम्हीही कधी म्हटलं नाहीत. म्हणजे बाक रिकामाच की!"

तिने दाराला कुलूप घातलं आणि विहीर गाठली.

म्हातारा पुन्हा दिसला नाही. चाळीस वर्षं चालवलेला दवाखाना त्याला कायमचा सोडावा लागला.